कुलूपवाल्यांचं घर

मी बोलतंय, पण आधी तुम्ही कोण ते कळलं तर बरं. हातात मोजायची टेप नाही ना? भिंतीवर टकटक करणार नाही ना? रागावू नका, माझा स्वभावच तसा आहे. मी कुलूपवाल्यांचं घर. गावात कुणालाही विचारा, मला सगळे ओळखतात. विश्वास मात्र मी कुणावर पटकन ठेवत नाही.

सध्या एक इतिहासवाले गृहस्थ माझ्या मागे लागलेत. त्यांना या घराण्याचा आणि माझा इतिहास लिहायचाय, पुढे मला लोकांना बघायला खुलं करायचंय. आले की जिन्याच्या कठड्यावरून फार मायेने हात फिरवतात. एवढी माया कुणी दाखवली की मला आधी शंकाच येते. त्यांनी काहीबाही लिहिण्याआधी आपणच सांगून मोकळं व्हावं म्हटलं.

मला बांधलं मोठ्या मालकांनी. कुलपांचा कारखाना त्यांचा, आणि मी त्यांची जिवंत जाहिरात. प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप, सगळी खटक्याची. दार ओढलं की आपोआप बंद. आतून मूठ फिरवून उघडायचं, बाहेरून फक्त किल्लीने. एका दाराला एकच किल्ली, तिची जोडी बनवायची नाही, हा त्यांचा बाणा. व्यापारी आले की जेवायला वाढण्याआधी त्यांना दारं दाखवली जायची.

मोठ्या मालकांनी घरात एक नियम घातला होता. आपल्या खोलीची किल्ली आपल्याकडे ठेवायची नाही. थोरल्याची धाकट्याकडे, धाकट्याची थोरल्याकडे. म्हणजे बाहेरून आलं की भावंडाला हाक मारावीच लागणार, मग अबोला धरणार कसा, असं त्यांचं गणित. विचार चांगला होता, पण घरातली माणसं त्यांच्यापेक्षा मी जास्त जवळून पाहिली. आपली किल्ली दुसऱ्याच्या खिशात म्हटल्यावर जो तो खोलीत शिरला की आधी कपाट नीट बंद आहे का ते बघायचा. संशय मी त्यांच्याकडूनच शिकलं.

तिसऱ्या पिढीत उरले दोघं. दादासाहेब आणि त्यांची धाकटी बहीण. तिला सगळे आत्या म्हणतात. आत्या कारखान्यात कुलपं तपासायची. कुलूप कानाशी धरून किल्ली फिरवायची आणि आवाजावरून सांगायची, हे पाठवा, हे परत घ्या. दादासाहेबांना घाई होती. त्यांनी स्वस्तातली नवी कुलपं काढली आणि व्यापाऱ्यांना माझ्याच दिवाणखान्यात बोलावलं. आत्याने टेबलावरची एक किल्ली उचलली आणि त्याच एका किल्लीने सगळी कुलपं उघडून दाखवली. व्यापारी चहा अर्धा टाकून उठले, पुढे कारखानाही बसला.

त्या दिवसापासून भावाबहिणीचं बोलणं बंद. किल्ली मागायची म्हणजे हाक मारायची, ते तर दोघांनाही नको. म्हणून बाहेर जाताना दोघंही आपापलं दार उघडं ठेवून त्याला वीट लावायचे. घरात असले की दादासाहेब दार खाडकन लावून घेत. आत्याचं मात्र निजतानाही उघडंच. भाऊ काय बोलतो, कुणाला भेटतो, यावर ती कान ठेवून असते, अशी माझी खात्री होती. दादासाहेबांच्या सुनेचीही तीच होती.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी दादासाहेबांच्या खोलीत धप्पकन आवाज झाला, आणि पाठोपाठ कण्हणं. दार बंद. सून धावली, हाका मारल्या, आतून उत्तर नाही. किल्ली कुणाकडे ते तिला माहीत होतं, पण ती आत्याकडे गेली नाही. एवढ्या वैरानंतर किल्ली राहिली असेल यावर तिचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता. तिने सुताराला बोलावलं. दार आतून लोखंडी पट्ट्यांचं, त्याला वेळ लागेल म्हणाला. आत कण्हणं हळू होत चाललं होतं.

तेवढ्यात आत्या आली. कमरेची किल्ली काढली, सुताराला हाताने बाजूला केलं आणि दाराला कान लावला. किल्ली अर्ध्यावर अडली. तिने खांद्याने दार जरा वर उचललं, पुन्हा फिरवली, आणि दार उघडलं. दादासाहेब जमिनीवर पडले होते. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

दवाखान्यातून परत आल्यावर दादासाहेब काठी टेकत आत्याच्या दारापर्यंत गेले. बोलणं जरा जड झालं होतं. मी कान टवकारले.

"चिमे, तुझी किल्ली माझ्याकडे नाही. व्यापारी उठून गेले त्याच दिवशी पुलावरून नदीत टाकली."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"त्या संध्याकाळी तू जिना चढलास, तेव्हा तुझा खिसा वाजला नाही. म्हणून मग मी दार लावणंच सोडलं. मला काही झालं असतं, तर कुणी उघडलं असतं?"

दादासाहेब तिथेच तिच्या खाटेच्या कडेवर बसले आणि रडले. मला फार वाईट वाटलं, ते लपवत नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुताराला बोलावून आत्याच्या दाराचं कुलूप काढून घेतलं. तिथे आता मुठीएवढं भोक आहे. आत्या रात्री त्यात फडकं कोंबते, दादाच्या घोरण्याने झोप लागत नाही म्हणते. पहाटे दादासाहेब ते फडकं काढतात आणि भोकाला तोंड लावून विचारतात, "उठलीस का?"

परवा इतिहासवाल्यांना ते भोक दिसलं. जुन्यासारखं हुबेहूब कुलूप करून बसवतो म्हणाले, फुकटात. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. तुमची त्यांच्याशी ओळख असेल तर माझं एवढंच सांगा. माझा इतिहास हवा तसा लिहा, कठड्यावरून पाहिजे तितका हात फिरवा, पण तेवढं भोक बुजवू नका.