हवालदारांच्या पाठीवरचा पाय

येसाजी हवालदार बसऱ्याच्या लढाईहून परतले तेव्हा त्यांनी बरोबर एक पदक, पेन्शन आणि प्रकृती आणली. पदक पेटीत गेलं. पेन्शन पोस्टातून येई. प्रकृती मात्र घरातल्या सगळ्यांनी मिळून सांभाळायची होती.

पलटणीच्या डॉक्टरने म्हणे एकदा सांगितलं होतं की शरीर नियमाने वापरलं तर टिकतं. डॉक्टर बहुधा शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलत होता, पण हवालदारांनी ते आपल्याला लावून घेतलं. श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या भातशेतीच्या गावात तेव्हापासून एकच घर असं होतं जिथे आरोग्य होतं. बाकीच्या घरांत माणसं नुसती जगत.

हवालदार उजाडायच्या आत उठत. तांब्याच्या भांड्यातलं रात्रीचं पाणी पीत. मग अंगणात कवायत. मग दादू न्हावी येऊन उंडीच्या कोमट तेलाने अंग रगडी. मग कढत पाण्याची आंघोळ, मग नाचणीची आंबील, मग उन्हात पाठ करून बसणं. पाणी भरणं, तापवणं, तेल कोमट करणं, नाचणी दळणं आणि तेलाने बरबटलेली मालिशीची पडदणी धुणं ही कामं सुनेकडे होती. हवालदारांच्या आरोग्यामुळे राहीचे हात खांद्यापर्यंत दुखत. पण ते नियमांत कुठे बसत नव्हतं.

राहीचा नवरा बाळाजी मुंबईला गोदीत होता. शिमग्याला आणि गणपतीला येई. उरलेलं वर्ष तो आहे असं गृहीत धरलं जाई. मागच्या पावसाळ्यात राहीचं तान्हं मूल गेलं. तेव्हापासून तिला फारसं काही वाटत नसे. कामात खंड पडला नाही, त्यामुळे ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही.

तिच्याकडे गावाचं लक्ष होतं ते वेगळ्या कारणाने. राही पायाळू होती. आईच्या पोटातून ती पायाकडून बाहेर आली होती, आणि अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न ठरलं तेसुद्धा त्यावरच. हवालदारांच्या बायकोची पाठ कायम धरलेली असे. लग्न झाल्यावर मात्र कुणाच्या तरी ध्यानात आलं की सून सासूला पाय लावू शकत नाही. सासू धरलेल्या पाठीनेच गेली. तोवर शेजाऱ्यांना सोय झाली होती.

लोक येत, ओटीवर पालथे पडत. राही खांबाला धरून डावी टाच दुखऱ्या जागी तीन वेळा टेकवी आणि आत जाई. नारळ ठेवून माणूस निघून जाई. गावातल्या पाठी तिला चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखीच्या होत्या. पायाळू माणसावर वीज पडते, म्हणून आभाळ गडगडलं की तिला घरात घेत. लावणीच्या दिवसांत ही समजूत बाजूला ठेवत.

त्या वर्षी भात झोडून झालं आणि राहीचा भाऊ बुधाजी माहेराहून, पालीकडून, चालत आला. अंगणातच उभा राहिला.

"मामा, आयला वारं गेलंय. डावं अंग सगळं मेलंय. राहीला बघायला मागते."

"जेवते का?" हवालदारांनी विचारलं.

"थोडं जेवते."

"मग ठीक हाय. जेवणारा माणूस टिकतो. तेल लावा, निर्गुडीचा पाला बांधा. आन् उजडायच्या आत पाणी पाजा."

"व्हय. पर राहीला..."

"धाडतो की. माणगावला दरबार हाय. कलेक्टर साहेब येणार, जुन्या शिपायांना रांगेत उभं करणार. तवर माझ्या नियमात खंड नको. दरबार झाला की धाडतो."

बुधाजी दाराच्या आत बघत होता. राही चुलीपाशी बसून तेल कोमट करत होती. तिने मान वर केली, भावाला बघितलं, आणि तेल उतरवलं. जेवून बुधाजी गेला. जाताना म्हणाला, "लवकर ये गो. मग येऊन उपेग न्हाय."

"बरं," राही म्हणाली.

दरबाराच्या आदल्या दिवशी सकाळी कवायत करताना हवालदार खाली वाकले आणि तिथेच राहिले. त्यांची बहीण गोदू विधवा होऊन माहेरी परतली होती. ती शेण घेऊन अंगणात आली. भाऊ ओणवा होऊन जमिनीकडे बघत होता. काही हरवलं असेल म्हणून तीही बघू लागली.

"काय सांडलं, दादा?"

"काय न्हाय. दादूला बोलाव."

दादूने आणि गोदूने त्यांना ओटीवर आणून पालथं घातलं. दादूने तेल ओतून रगडलं. हवालदार ओरडले. विटेचा शेक दिला. हवालदार जास्त ओरडले. रुईची पानं बांधली, तेव्हा ते थकून गप्प झाले. दादूला वाटलं गुण आला.

"उठून बघा."

हवालदारांनी उठून बघायचा प्रयत्न केला. मग दादूने हात पुसले.

"हवालदार, ही उसण हाय. हिला तेल लागत न्हाय. हिचं औषध घरातच हाय."

"जीभ आवर," गोदू म्हणाली. "सासऱ्याच्या पाठीला सुनेचा पाय? आरं, लोक शेण घालतील तोंडात."

"दुसरा पायाळू बघ," हवालदार जमिनीशी बोलले.

"वाडीवरला धर्मा व्हता. तो मुंबईला गेला."

"मग मध्ये फळी ठेवा."

"फळीतून गुण उतरत न्हाय."

"कांबळं?"

दादूने विचार केला. "पातळ असंल तर थोडा उतरंल. निम्मा."

निम्म्या गुणाने रांगेत उभं राहता येत नव्हतं.  माणगावच्या मैदानात बाकीचे पेन्शनर छाती काढून उभे आहेत आणि आपली जागा रिकामी आहे, हे हवालदारांना जमिनीवर स्पष्ट दिसत होतं.

"मी आता सासरा न्हाय," ते शेवटी म्हणाले. "मी पेशंट हाय. इस्पितळात मडम मोठ्या साहेबाच्याबी पाठीला हात लावते. तिथं कोण लाजतो?"

"हात, दादा," गोदू म्हणाली. "पाय न्हाय."

"पाय म्हणजे बी अवयवच हाय ना?"

गोदूने अवयव मान्य केला. पण तिने एक अट घातली. कुणी बघायचं नाही. कुणी बघितलंच नाही तर झालंच नाही. एव्हाना शेजारचे दोघेतिघे हवालदारांना काय झालं ते विचारायला आले होते. त्यांनाही तिने थांबवून घेतलं, कारण बघितलं नाही असं सांगायला साक्षीदार लागतात. सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यामुळे ही गोष्ट पुढे गावभर गेली ती फक्त कानांच्या भरवशावर.

राहीला बाहेर बोलावलं. ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून आली. तिने खांब धरला आणि डावी टाच सासऱ्याच्या कमरेला टेकवली. पाठ तेलाने निसरडी झाली होती. इतर पाठींपेक्षा ती वेगळी नव्हती. राहीला वाटलं होतं, भीती वाटेल. वाटली नाही. तिने दुसऱ्यांदा टेकवली. तिसऱ्यांदा टेकवली, आणि पाय तिथेच राहिला.

"मामंजी," ती म्हणाली.

भिंतीकडे तोंड केलेल्या माणसांच्या माना ताठ झाल्या. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्याशी थेट बोलली नव्हती. जे काय असेल ते गोदूमार्फत.

"आयकडं जाऊ का?"

यात धमकी नव्हती. तिला बरेच दिवस विचारायचं होतं, आणि सासऱ्याचं तोंड आपल्याकडे नाही अशी वेळ आजच आली होती.

"पाय काढ," हवालदार म्हणाले.

"काढते. जाऊ का?"

"दरबार झाला की..."

राहीचा पाय हलला नाही. तिने पायावर जोर दिला, असं दादू पुढे शपथेवर सांगे. दिला नाही, असं गोदू शपथेवर सांगे. दोघेही भिंतीकडे बघत होते. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी खोकला दाबला. आपण सुनेच्या पायाखाली आहोत आणि हे किती वेळ चालणार ते सुनेच्या हातात आहे, हे हवालदारांच्या लक्षात आलं. पलटणीच्या नियमांत अशा परिस्थितीसाठी काही नव्हतं.

"जा," ते म्हणाले.

राहीने पाय काढला, सासऱ्याच्या पायांशी वाकून नमस्कार केला आणि आत गेली.

"उतरली का?" दादूने भिंतीला विचारलं.

हवालदार हातांवर जोर देऊन उठले. निम्मे उठले. "उतरली," ते म्हणाले. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. सुनेचा पायही लागला आणि उसणही राहिली, हे कुठल्याही माणसाला परवडणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माणगावच्या रांगेत ते तसेच वाकून उभे राहिले. साहेबाला ती अदब वाटली. तो दोन शब्द जास्त बोलला.

राही त्याच सकाळी पालीच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीत बसली. संध्याकाळी माहेरी पोचली. आई पडवीत बाजेवर होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, पण डोळे शाबूत होते. तिने राहीला बघितलं.

"आलीस."

"आले."

बुधाजीने बोचकं आत ठेवलं. "किती दिवसांची रजा दिली मामांनी?"

राही थांबली. हवालदारांनी मुदत सांगितलीच नव्हती. आयुष्यभर लोकांच्या रजा मोजलेला माणूस पालथा पडल्यावर तेवढं विसरला होता.

"ते काय बोलले न्हाय," ती म्हणाली.

इकडे गोदू पाणी तापवू लागली. पाणी कधी गार असे, कधी सोलणारं. "सांगावा धाडा की," ती दर एकदोन दिवसांनी म्हणे. हवालदार उन्हात पाठ करून बसत आणि ऐकू आलं नाही असं दाखवत. रजा किती दिवसांची होती हे सांगायचं, तर ती कुठे आणि कशी दिली इथपासून बोलावं लागलं असतं. बाळाजी शिमग्याला येईल, तो काय ते बघेल, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं आणि तांब्यातलं पाणी स्वतः भरून ठेवायला सुरुवात केली.

पालीकडे राही सकाळी आईला तेल लावी. आधी उजवं अंग, मग डावं. डावा पाय लाकडासारखा होता. ती तो मांडीवर घेऊन तळव्यापासून वर चोळत जाई.

"तो सोड," आई म्हणाली. "त्याला काय कळत न्हाय. ह्यो चोळ."

"तो झाला चोळून."

"मग उगा तेल कशाला घालवतेस गो?"

राहीने पोटरीवर अंगठा दाबला. "आता कळतंय?"

"न्हाय."

"बरं," राही म्हणाली, आणि हातावर आणखी तेल घेतलं.