बटनाजवळचा माणूस

यशपालने तिसरं मशीनही नापसंत केलं तेव्हा दुकानदाराने हळूच घड्याळाकडे पाहिलं. मला त्याचा राग आला नाही. राग माझ्या भावाचा आला होता.

"ह्याचा खांब बारीक हाय," यशपाल म्हणाला. "जरा जोर दिला की वाकतंय. खांब वाकला की कटर थरथरतंय."

"सर, छोट्या मशीनवर लाइट कटच घ्यायचा असतो," दुकानदार म्हणाला. त्याचं नाव अजिंक्य. होटगी रस्त्यावरचं हे मशिनरीचं दुकान त्याच्या वडलांनी काढलेलं, आता तो बघतो. इस्त्रीचा शर्ट आणि जिभेवर साखर.

"लाइट कट, लाइट कट! पोरीबाळींनी मेंदी काढायची काय ह्याच्यावर?"

अजिंक्य हसला. मी नाही हसले. पहिल्या मशीनचे गिअर प्लॅस्टिकचे म्हणून नको, दुसऱ्याचं टेबल अपुरं म्हणून नको, तिसऱ्याचा खांब बारीक. मुलगी बघायला आलेल्या वरमाईसारखं चाललं होतं त्याचं. तरी मी गप्प बसले, कारण कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज असा चढलेला ऐकत होते. दवाखान्यातून आल्यावर हा माणूस घरात कोपऱ्यातली हंडी असावी तसा झाला होता.

आम्हाला हवं होतं टेबलावर मावणारं, फिरत्या कटरने लोखंड तासणारं मिलिंग मशीन. आमचं वर्कशॉप म्हणजे एका शटरची खोली. टॉवेलच्या कारखान्यांतल्या मागांना लागणारे बारीकसारीक भाग आम्ही करतो. कुणाला खाच पाडून हवी असते, कुणाला दांड्यात लोखंडी चावी बसायला घर. मी सासर कायमचं सोडून आले तेव्हा यशपालने मला घरी रडत बसू दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने मला ड्रिलसमोर उभं केलं आणि म्हणाला, "आक्का, भोक पाडायला शिक. डोकं थंड राहतंय." खरंच राहिलं. पुढे मी लेथ शिकले, माप घ्यायला शिकले. मिलिंग मात्र तोच करायचा. माणसाच्या उंचीचं जुनं मशीन होतं आमचं, त्याला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही.

त्या मशीनने त्याचा उजवा हात नेला.

सोलापुरात टॉवेलचे खराब निघालेले तुकडे किलोवर मिळतात. दुसऱ्या गावांतले वर्कशॉपवाले कशाने पुसतात मला माहीत नाही, आमच्याकडे ज्याच्या-त्याच्या खांद्यावर टॉवेलचा तुकडा असतो. तेल छान पितो, हाताला मऊ लागतो. पण टॉवेलला अंगभर सुताच्या बारीक कड्या असतात, आणि फिरत्या कटरच्या दाताला त्यातली एक कडी पुरते. यशपाल चालू मशीनवरचा लोखंडाचा कीस पुसत होता. कडी अडकली, तुकडा गुंडाळला गेला, तुकड्यामागून हात गेला. मी ड्रिल सोडून धावले आणि मशीन बंद केलं, पण तोवर वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी मनगटाच्या वरून कापला. चालू मशीन पुसू नये हे यशपालला ठाऊक नव्हतं का? होतं. सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे पुसतात.

बरा झाल्यावर पहिलं काम त्याने काय केलं, तर ते मशीन भंगारवाल्याकडून तोडून घेतलं. अख्खं विकलं असतं तर कुणीतरी चालवलं असतं, ते त्याला नको होतं. मग तो घरात पडून राहिला. हाक मारली तर ओ देणार नाही, ताट पुढे ठेवलं तर दोन घास खाऊन सरकवणार. आमची आई, भीमाबाई, त्याची दाढी स्वतः करायची आणि न्हाणीत जाऊन रडायची.

मिलिंगची कामं परत जायला लागली तेव्हा मी म्हणाले, छोटं मशीन घेते, मी चालवते. आई कडाडली, "एकाचा हात दिला तेवढा बास झाला की!" दोन दिवस घरात वाद चालला. आणि तिसऱ्या दिवशी यशपाल आपणहून उठून बसला.

"घे," म्हणाला. "पर एक अट हाय. तू चालवत आसशील तवा मी बाजूला उभा राहणार. लाल बटनावर हात ठेवून. काय बी झालं की दाबलं."

लाल बटन म्हणजे संकटाच्या वेळी दाबायचं. थाप मारली की मशीन बंद. ते वायरीने लांबवून यशपालच्या डाव्या हाताखाली बसवायचं, असं ठरलं. आईने ते मान्य केलं. त्या दिवसापासून भाऊ परत माणसात आला. सकाळी उठून आपली आपण आंघोळ करायला लागला. स्वयंपाक सुरू झाला की बटन म्हणून ओट्यावर डब्याचं झाकण उलटं ठेवायचा आणि मला सांगायचा, कधीही ओरड. मी भाजी परतता परतता मध्येच "यश्या!" म्हणून ओरडायची आणि तो डाव्या हाताने झाकणावर थाप हाणायचा. एकदा आमटीचं पातेलंच उडालं. आई शिव्या देत हसली, तोही हसला. त्याला आता जगात एक काम होतं, माझ्या बाजूला उभं राहायचं.

म्हणून तिसरं मशीन नाकारलं तरी मी दात आवळून गप्प होते.

चौथं मशीन आतल्या खोलीत होतं. यशपालने त्याचा खांब डाव्या हाताने थोपटला. हँडल उलटसुलट फिरवून किती ढिलं आहे ते पाहिलं, वाकून खालून पाहिलं, टेबल एका टोकाला नेऊन हलवलं. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येतं, कारण मी त्याची थोरली बहीण आहे. लहानपणी जत्रेतून पिपाणी घेऊन यायचा तेव्हा असाच दिसायचा.

"हे बरं हाय आक्का," तो म्हणाला. "लई बरं हाय."

अजिंक्यने लगेच धुळाप्पाला हाक मारली. धुळाप्पा म्हणजे दुकानातला मशीन चालवून दाखवणारा माणूस, अक्कलकोटकडचा, पन्नाशीच्या पुढचा. त्याने लोखंडाचा तुकडा पकडीत आवळला आणि मशीन सुरू केलं. लाल बटन पुढच्याच बाजूला, सहज हाताशी येईल असं होतं. यशपाल बटनाशेजारी जाऊन उभा राहिला, नोकरीवर पहिल्या दिवशी उभं राहावं तसा, ताठ.

"मी हितं," तो मला म्हणाला. "तू तितं. बघ, उजेड बी हितं खिडकीतनं येतोय तसाच आपल्याकडं येतोय." आणि त्याने डावा हात उचलून खिडकी दाखवली.

तेवढ्यात धुळाप्पाने खांद्यावरचा टॉवेलचा तुकडा काढला आणि फिरत्या कटरखालचा कीस पुसायला हात घातला.

यशपालने ते माझ्याआधी पाहिलं. तो ओरडला नाही, सरळ बटनावर झेपावला. पण झेपावला तो उजव्या हाताने. डावा तसाच वर, खिडकीकडे. उजव्या हाताची दुमडून पिन लावलेली बाही बटनापासून वीतभर अलीकडे आपटली. त्याने पुन्हा मारली. पुन्हा वीतभर अलीकडे. तिसऱ्यांदाही उजवीच मारली. मी मध्ये घुसले, त्याची बाही बाजूला सारली आणि बटन दाबलं.

मशीन थांबलं. धुळाप्पाला काहीही झालं नव्हतं. तुकडा हातात धरून तो आम्हा दोघांकडे बघत राहिला.

"एनू इल्ल, एनू इल्ल," तो म्हणाला, काही नाही झालं म्हणून. "रोजचं हाय की अक्का हे."

"तुला हात नको झालाय काय रे?" मी त्याच्यावर ओरडले. वयाने मोठ्या माणसाला अरे-तुरे केलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. अजिंक्य पाणी मागवू लागला. यशपाल मात्र आपल्या बाहीकडे बघत होता. तिच्यावर तेलाचा डाग पडला होता, तो त्याने डाव्या हाताने चोळला.

मी त्याला बाहेर घेऊन आले. दुकानासमोर रिकामी लाकडी खोकी पडली होती, त्यातल्या एकावर तो बसला. ऊन रणरणत होतं.

"सवय हाय गं," तो घाईघाईने म्हणाला. "जल्मभर उजव्यानं केलं की सगळं. सराव कमी पडला. आजून करतो. तू जरा जास्त येळा ओरडत जा."

"मशीन हेच घ्यायचं," मी म्हणाले.

"व्हय, हेच. बटन डावीकडं घेऊन—"

"बटन माझ्या हाताशी लावायचं. तू तितं उभं राहायचं न्हाय."

"मग कोन राहणार?"

"कोन न्हाय. मी एकटी."

"आन् काय झालं तर?"

"काय झालं तर मीच दाबीन. मला भ्या वाटतंय यश्या, लई वाटतंय, आन् ते ऱ्हायला पायजे. तू शेजारी आसलास की मला वाटणार न्हाय. मी म्हणीन, भाऊ हाय की. आन् मग मी बी पुसायला हात घालीन."

खोटं बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. तू गिऱ्हाईक सांभाळ, तू माल पोचव, तू नुसता मालक म्हणून बस. सगळं जिभेवर आलं होतं. त्याच्या तोंडाकडे बघून त्यातलं एकही बाहेर पडेना. तो वेडा नव्हता. त्याला कळलं असतं की आता ही माझी समजूत काढते आहे.

"तू मला काढून टाकतीस," तो म्हणाला.

"व्हय."

"मी तुला ड्रिलवर उभं केलं."

"व्हय रे."

"मग सकाळच्याला उठून मी करायचं काय?"

तेवढ्यात अजिंक्य दारात येऊन अदबीने म्हणाला, "मॅडम, फायनल करायचं ना?" यशपाल उठला, माझ्याआधी आत गेला. धुळाप्पाला म्हणाला, मशीनजवळ माझी बहीण उभी राहील, बटन तिच्या हाताला लागेल असं बसवून द्या. मग बाहेर येऊन रिक्षात बसला.

मशीन आलं. टेबलावर बसवलं, बटन माझ्या उजव्या हाताशी, जागच्या जागी. आईने विचारलं, यशपाल कुटं उभा राहणार? मी म्हणाले, न्हाय राहणार. तिने ओट्यावरचं झाकण उचलून डब्याला लावलं.

पहिल्या कामाच्या दिवशी सकाळी मी शटरची किल्ली घेतली. यशपाल डोक्यावरून पांघरूण घेऊन पडला होता. तो जागा होता, झोपलेल्या माणसाचा श्वास मला कळतो. दारात मी थांबले. त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली असती तर तो आला असता.