जीभ गेली तेव्हा

पोलादपूरच्या एस.टी. स्टँडसमोर प्रमोदिनीची खानावळ होती. दुपारी शाळेतले मास्तर, बँकेतले कारकून आणि महाबळेश्वरला जाणारे ड्रायव्हर तिच्याकडे जेवायला बसत. आमटी तिची, पोळी तिची, वाढायलाही तीच. हाताखाली गीताबाई होती, पण ती भांडी, भाजी आणि नारळ खोवण्यापुरती.

त्या दिवशी निवृत्त हेडमास्तर दत्तोपंत जेवत होते. प्रमोदिनी दुसरी पोळी वाढायला वाकली आणि त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"पुरे," ते म्हणाले.

दत्तोपंत चार पोळ्यांशिवाय उठत नसत. प्रमोदिनीने त्यांच्या नजरेचा माग घेतला. ती पोळीवर नव्हती, पोळी धरलेल्या अंगठ्यावर होती. शेजारी बसलेल्या बँकेतल्या दोघांनीही तिकडे पाहिलं आणि मान खाली घालून भात कालवायला लागले.

अंगठ्याचं नख पिवळट-तपकिरी झालं होतं, जाड, कडेला भुसा पडल्यासारखं. शेजारच्या दोन बोटांचंही तेच. दोन वर्षं ती हे लपवत होती. हळद-तेल झालं, लिंबू झालं, मेडिकलवाल्याने दिलेलं मलम झालं. लग्नाकार्यात ती लाल नेलपॉलिश लावून वेळ मारून नेई. वाढताना अंगठा पळीच्या दांड्यामागे दडवायची तर इतकी सवय झाली होती की ते लपवणं आहे हेही ती विसरली होती.

दुसऱ्या दिवशी बँकेतले दोघं आले नाहीत. दत्तोपंत आले, पण त्यांनी नुसता भात मागितला.

तिच्या यजमानांना महाडच्या एमआयडीसीत शिफ्ट असे. संध्याकाळी ते घरी आल्यावर ती म्हणाली, "उद्या मी तुमच्याबरोबर महाडला येते. चामडीच्या डॉक्टरांकडे."

"नखासाठी डॉक्टर?"

"माझ्या हाताचं खातात लोक," ती म्हणाली. "नखासाठीच."

डॉक्टर आफिया तरुण होत्या. मुंबईला शिकून गावी परतलेल्या. त्यांनी भिंग लावून बोटं पाहिली, नखाचे तुकडे कापून तपासायला पाठवले. आठवड्याने प्रमोदिनी पुन्हा गेली तेव्हा रिपोर्ट आलेला होता.

"बुरशी आहे, ताई. नखाच्या खाली घर करून बसलीये. मलम तिथपर्यंत पोचतच नाही. गोळी पोटात गेली की रक्तातून नखाच्या मुळाशी जाते."

"मग हे नख बरं होईल?"

"हे नाही होणार. हे पुढे सरकत जाईल, तुम्ही कापून टाकाल. मागून येईल ते चांगलं येईल. पण नख सावकाश वाढतं, तेवढा धीर धरावा लागेल." मग त्यांनी विचारलं, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, कधी कावीळ झाली होती का. "आधी रक्त तपासू. यकृत ठीक असेल तरच गोळी. आणि मळमळ झाली, लघवी गडद झाली, तोंडाची चव बदलली, तर वाट बघायची नाही. लगेच यायचं."

रक्त चांगलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या.

खानावळीत आल्या आल्या प्रमोदिनीने गीताबाईला परातीपुढे बसवलं. "आजपासून कणीक तू मळायचीस. माझा हात पिठाला लागणार नाही. पाण्यात घालायचा झाला तर हातमोजे घालून."

आणि दुपारी चिमट्यात पोळी धरून ती दत्तोपंतांसमोर उभी राहिली.

"सर, नखाला बुरशी झालीये. औषध चालू केलंय. पोळ्या गीताबाईच्या हातच्या आहेत. आता घ्या."

दत्तोपंतांचे कान लाल झाले. त्यांनी ताट पुढे केलं. बँकेतले दोघं पुढच्या आठवड्यात आपणहून आले.

महिनाभरात नखांच्या बुडाशी गुलाबी चंद्रकोर दिसायला लागली. भांडी आवरून झाली की प्रमोदिनी दारातल्या उजेडात बोटं धरून बसे. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला स्वतःच्या हाताकडे बघावंसं वाटत होतं.

मग एका सकाळी चहा पाणचट लागला.

"साखर घालायला विसरलीस?" तिने गीताबाईला विचारलं.

"दोन चमचे हाय की."

तिने आणखी एक चमचा घातला. काही फरक नाही. थंडी आहे, सर्दी झाली असेल, म्हणून तिने सोडून दिलं. पण दोन-तीन दिवसांत जेवणारे तांब्यामागून तांबे पाणी मागायला लागले. शेवटी गीताबाईने पळीभर आमटी तोंडात घेतली आणि मोरीत थुंकली.

"गो वयनी, ही आमटी हाय का खाडीचा पाणी?"

प्रमोदिनीने पळी घेतली. चाखलं. जिभेवर काहीतरी गरम आणि ओलं आलं, एवढंच. मग तिने लोणच्याची फोड तोंडात टाकली. मग चिमूटभर मीठ, नुसतंच. वाळू चावल्यासारखं वाटलं.

ती पाटावर बसली. पाय गेला असता तर बसून रांधलं असतं. जीभच गेली तर काय करायचं?

"त्या गोळ्या टाक उकिरड्यावर," गीताबाई म्हणाली. "आगीसारख्या गरम असतात त्या. नखा काय, नखांनी कोन जेवतो?"

प्रमोदिनीने बोटांकडे पाहिलं. गुलाबी भाग आता चांगला मुगाच्या दाण्याएवढा झाला होता. गोळी घ्यावी की न घ्यावी हे स्वयंपाकघरात बसून ठरणार नव्हतं. तिने गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकलं आणि महाडची गाडी पकडली.

डॉक्टर आफियांनी ऐकून घेतलं आणि पाकीट स्वतःच्या खणात ठेवलं. "ही गोळी बंद. आजपासून."

"चव परत येईल ना?"

"बहुतेकांची येते. काहींची काही आठवड्यांत, काहींना महिने लागतात. तारीख मी देऊ शकत नाही, ताई. खोटं कशाला बोलू?"

"आणि नख?"

"औषध नखात अजून थोडे दिवस काम करत राहील. नंतर गरज पडली तर दुसरं औषध आहे. पण आधी चव येऊ दे, रक्त पुन्हा बघू."

"गरज पडली तर घेणार मी," प्रमोदिनी म्हणाली. "अर्ध्यावर सोडायला आले नव्हते."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि तोंडाला पदर लावून थोडं रडली. पोलादपूर येईपर्यंत डोळे पुसून झाले होते.

खानावळ चालू ठेवायची तर कुणाची तरी जीभ हवी होती. गीताबाईची चालेना. तिला मिरची कितीही घातली तरी कमीच. दुसऱ्या दिवशी दत्तोपंत वर्तमानपत्र घेऊन स्टँडवर चालले होते. प्रमोदिनीने त्यांना दारातून हाक मारली.

"सर, जरा आत या. माझ्या तोंडाची चव गेलीये औषधानं. आमटी चाखून सांगा."

"मी?" दत्तोपंत उंबऱ्यातच थांबले. "माझ्यावरच हे का?"

"सगळ्यांत आधी तुम्ही ताटावर हात धरलात. बाकीचे गप्प जेवत होते."

दत्तोपंतांनी चप्पल काढली. वाटीत घेतलेली आमटी त्यांनी फुंकर मारून प्यायली, डोळे मिटले. "मीठ बरोबर. आंबट कमी. आमसूल आणखी एक घाला."

तेव्हापासून ते रोज सकाळी येऊ लागले. चाखताना भांडायचेही. गूळ जास्त झाला म्हणायचे, प्रमोदिनी म्हणायची माझ्या आमटीत गूळ असाच असतो. मग हळूहळू ते तिच्या बाजूने चाखायला शिकले. "मला गोड लागतंय, म्हणजे तुमच्या मते बरोबर आहे," असं म्हणू लागले. तिने स्वतः अंदाजाला फोडणीचा वास आणि उकळीचा आवाज धरला. चुका झाल्या, पण एकही दुपार खानावळ बंद राहिली नाही.

होळी उलटली. गीताबाई डाळीसाठी कैरी चिरत होती. प्रमोदिनीने सहज एक फाक दाताखाली धरली आणि तिचे दोन्ही डोळे घट्ट मिटले.

"काय झाला गो?"

"आंबट," प्रमोदिनी म्हणाली. "गीताबाई, आंबट आहे!" आणि तिने दुसरी फाक मीठ लावून खाल्ली, मग तिसरी.

पाठोपाठ गोड आलं, कडू आलं. सगळ्यांत शेवटी मीठ नीट कळायला लागलं.

दोन बोटांची नखं निम्म्यावर स्वच्छ झाली होती. अंगठा मात्र एका कडेने पुन्हा पिवळा पडू लागला होता. डॉक्टर आफिया म्हणाल्या, "दुसरं औषध द्यावं लागेल. महिन्यातून एक आठवडा घ्यायचं, भरल्या पोटी. यालाही रक्ताची तपासणी आहेच. घ्यायचं की नाही, तुम्ही ठरवा."

यजमान म्हणाले, जाऊ दे आता, एकच अंगठा तर उरलाय. प्रमोदिनीने ऐकलं आणि रक्त द्यायला बाही वर केली.

पहिली कॅप्सूल घेतल्यावर आठवडाभर ती रोज सकाळी मिठाचा खडा जिभेवर ठेवून बघे. मीठ खारटच लागत राहिलं. गणपतीच्या सुमारास अंगठ्याचं शेवटचं पिवळं टोक तिने कापून टाकलं. कडेला एक खाच राहिली. तपासणीत मात्र बुरशी सापडली नाही. खाच बहुधा अशीच राहील, असं डॉक्टर म्हणाल्या. तिला त्याचं काही वाटलं नाही.

त्याच सुमारास एक दिवस गीताबाई भांडी घासता घासता थांबली. तिने पायाचा अंगठा पुढे केला. नख काळसर, जाड, वर उचललेलं.

"वयनी, हा पन तसलाच हाय का?"

प्रमोदिनीने वाकून पाहिलं. "मला काय कळतंय? तपासल्याशिवाय नाही सांगता येत."

"र्‍हाऊ दे मग. पायाला कोन बघतो?"

"तू बघतेस ना?" प्रमोदिनीने गॅस बंद केला आणि खुंटीवरची पिशवी काढली. "आधी नख तपासतील, मग रक्त, मग गोळी. हात धू आणि चप्पल घाल. महाडची गाडी लागलीये."