बाराव्या पावलाची गाठ

आमच्या गावात सिनेमा बघताना कुणी हसत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल, लव्हॉनबाई, एवढं घाबरायचं काय कारण होतं? आमची माणसं स्वतःच्या लग्नात हसत नाहीत, ती पडद्याकडे बघून कशाला हसतील? पोटात फारच गुदगुल्या झाल्या तर डोक्यावरची टोपी काढतात आणि परत घालतात. वायोमिंगच्या या टोकाला तेवढं पुष्कळ झालं.

आणि अशा गावात माझ्या भाच्यानं, एमेटनं, विनोदी सिनेमा आणला. तोही प्रेताचा.

गोष्ट अशी, की जुन्या काळी एका माणसाला फाशीची शिक्षा होते. पण गावात फाशी देणारा नाही. तो डोंगरापलीकडे राहतो. त्याला आणायला जायला कुणी तयार होईना, तेव्हा हा शिक्षा झालेला गडी म्हणतो, "मी आणतो. शुक्रवारपर्यंत परत येतो, शब्द आहे." जातो, आणि परत येताना वाटेत फाशी देणाराच मरतो. आता सुटलास ना बाबा, पळ की कुठेतरी. पण नाही. शब्द दिलाय. म्हणून तो प्रेत खेचरावर बांधतो आणि स्वतःच्या फाशीसाठी गावाकडे निघतो. वाटेत ते प्रेत सात वेळा खाली पडतं.

शब्दापायी जीव द्यायला निघालेला माणूस पोराला कुठून सुचला, ते मला विचारायची गरज नव्हती. माझा भाऊ व्हर्लिन, म्हणजे एमेटचा बाप, शिकाऱ्यांचं सामान खेचरांवर लादून डोंगरात नेतो. आमच्या आजोबांपासूनचा धंदा, आणि एमेट एकुलता एक. तो तीन वर्षांपूर्वी कॅमेरा घेऊन निघाला तेव्हा व्हर्लिन म्हणाला होता, "एक सिनेमा काढ आणि आपल्या माणसांना दाखव. त्यांना पटला तर तुझा तू मोकळा. नाही पटला तर सप्टेंबरात खेचरं लादायला हजर व्हायचं, आणि मग कायमचं." पोरानं हातात हात दिला. आमच्याकडे हात दिला की दिला.

ऑगस्टातला शेवटचा शनिवार, दुपारचे दोन. गवत कापून झालं होतं, त्यामुळे कुणाला घरी थांबायला सबब नव्हती. थिएटर आम्ही बायकाच चालवतो. तिकिटं मी फाडते, मक्याच्या लाह्या मी भाजते आणि मशीनही मीच लावते. खुर्च्या गच्च भरल्या. व्हर्लिन तिसऱ्या रांगेत कडेला बसला, टोपी डोक्यावर, हाताची घडी. एमेट मागे माझ्याजवळ मशीनच्या खोलीत. नखं खाऊन संपली होती, आता बोटं खात होता.

पहिल्यांदा प्रेत पडलं. डोकं आधी चिखलात, मग हळूच पाय. मला इतकं हसू आलं की मी लाह्यांच्या कागदी पिशवीत तोंड घातलं. हॉलमध्ये मात्र चिडीचूप.

दुसऱ्यांदा पडलं तेव्हा खाली कुजबुज सुरू झाली. एमेटनं माझं मनगट धरलं. "आत्या, हसतायत का?"

"हसतायत की," मी म्हटलं. खोटं बोलले. कुजबुज हसण्याची नव्हती, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

तिसऱ्यांदा पडलं आणि आर्लो बिक्सबी उठून उभा राहिला. हा आर्लो म्हणजे गावातला दुसरा खेचरवाला. माझ्या भावाशी त्याची चाळीस वर्षांची चुरस, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"लव्हॉन, बंद कर ते," तो ओरडला. "बघवत नाही."

माझा हात मशीनच्या बटणावर गेला. म्हटलं, मेलं, प्रेताची चेष्टा झोंबली याला. मशीन थांबवलं, दिवे लावले.

"गाठ चुकलीय," आर्लो म्हणाला. "पडेल नाहीतर काय होईल? अशी गाठ बांधून मी पोतंभर बटाटेसुद्धा नेणार नाही."

आणि सगळा हॉल एकदम बोलू लागला. पहिल्या प्रेतापासून सगळ्यांच्या पोटात तेच ठसठसत होतं. कुणी म्हणे दोर आखूड आहे, कुणी म्हणे खोगीर पुढे सरकलंय, कुणी म्हणे प्रेत आडवं टाकायचंच नसतं, चादरीत गुंडाळून उभं लादायचं. माणूस फासावर जायला निघालाय, त्याचं सोयरसुतक कुणाला नाही. मी कपाळावर हात मारला.

"व्हर्लिन टेबरचा पोरगा तू," आर्लो मागे वळून म्हणाला, "आणि तुला खेचर लादता येऊ नये?"

व्हर्लिन जागचा हलला नाही. त्याची मान मात्र लाल झाली. ती मान मी लहानपणापासून ओळखते. मला वाटलं, संपलं. पोर आता जन्मभर खेचरांच्या शेपट्या मोजणार.

एमेट पायऱ्या उतरून खाली गेला, मागोमाग मी. "आर्लोकाका, तुम्ही दाखवा ना बांधून."

दोर आणा म्हणताच बाहेरच्या गाड्यांमधून अकरा दोर आले. खेचर नव्हतं, म्हणून स्टेजवरचा जुना पियानो ओढून मधे आणला. त्याला चाकं आहेत, त्यामुळे पोटाखालून दोर घ्यायला जागा होती. प्रेत कोण होणार, तर एमेट स्वतःच पियानोवर पालथा पडला. डोकं एका अंगाला, बुटं दुसऱ्या.

"श्वास घेऊ नकोस," आर्लो म्हणाला.

"बरं."

"बोलूही नकोस. मेलायस तू."

आर्लोनं घाम गाळून आठ वेढे दिले. मग त्यानं आणि आणखी एका गड्यानं मिळून पियानो ढकलला. मी पट्ट्यांचं झाकण धरून बाजूनं चालले, तरी तो मेला ठणठणत होता. स्टेजच्या टोकाशी त्यांनी पियानो गच्चकन थांबवला, आणि एमेट सुटून थेट आर्लोच्या अंगावर. दोघं भुईसपाट.

तेव्हा हॉल हसला. आमच्या गावातली माणसं, दात दाखवून. पण सिनेमाला नाही हो, आर्लोला. मला रडू यायचं बाकी होतं.

"पियानो आहे तो," आर्लो खालून म्हणाला. "खेचर असं थांबत नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. राहवलं नाही.

मग व्हर्लिन उठला.  तो सावकाश स्टेजवर आला, पोराला दंडाला धरून पुन्हा पियानोवर घातलं आणि दोर हातात घेतला. आमच्या घराण्यात एक गाठ आहे. वरून बघितलं तर पत्त्यांतल्या चौकटीसारखी दिसते. व्हर्लिनचे हात ती बांधायला लागले की त्यांच्याकडे बघत राहावं. मी झाकण धरून शेजारीच होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"सिनेमात गाठ कुणी बांधली?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"मीच," एमेट म्हणाला. त्याचं तोंड पियानोच्या कडेला लोंबकळत होतं.

"तुला नऊ वर्षांचा असताना शिकवली होती मी."

"येते मला, बाबा. पण ती बांधली तर प्रेत पडत नाही."

व्हर्लिनचा हात थांबला.

"म्हणून शेवटचा वेढा उलटा घेतला," एमेट म्हणाला. "खेचर चाललं की दोर थोडा थोडा सरकतो. कॅमेरा झाडाजवळ होता आणि प्रेत झाडाजवळच पडायला हवं होतं. बाराव्या पावलाला. नीट जमेपर्यंत दोन महिने गेले."

"प्रत्येक वेळी बाराव्याला?"

"सातही वेळा."

माझ्या भावानं दोराचं टोक पुन्हा उचललं. मग गाठ पुरी केली, खेचून पाहिली आणि हॉलकडे वळला.

"पोरानं मुद्दाम बांधलीय. बाराव्या पावलाला सुटते. लव्हॉन, पहिल्यापासून लाव."

"बाराव्याला, म्हणे," आर्लो म्हणाला. "बघू तर."

आता कुणाला प्रेताची दया नव्हती की फासाची भीती. सगळे पुढे सरकून बसले. घाईत पियानोवरच्या पोराला सोडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तो तसाच पडद्याखाली, मान वाकडी करून, आपला सिनेमा तिरका बघत होता.

पहिलं प्रेत. आर्लो खवचटपणे मोठ्यानं मोजू लागला. दहा, अकरा, बारा. धप्प.

"योगायोग," तो म्हणाला.

दुसऱ्याला अर्धा हॉल मोजत होता. तिसऱ्याला सगळे, पाय आपटून. पाचव्याला मात्र खेचर अकराव्या पावलावर थांबलं आणि आरामात गवत खाऊ लागलं. प्रेत थोडंसं कलंडून लटकत राहिलं. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. खेचरानं गवत चघळलं, गिळलं, शेपटी हलवली, पुढचा पाय उचलला, पुन्हा ठेवला तिथेच. आर्लोच्या बायकोनं त्याचा दंड इतका दाबला की तो कळवळला. मग एकदाचं ते पाऊल पडलं. धप्प.

काय सांगू, छप्पर उडायचंच बाकी राहिलं. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, टोप्या वर उडत होत्या. त्यानंतर ते थांबलेच नाहीत. फाशीच्या दिवशी सगळं गाव मेलेल्या फाशीवाल्याच्या हातात दोर देण्याची खटपट करतं आणि त्याचे हात पुन्हा पुन्हा गळून पडतात, तेव्हा तर आर्लो खुर्चीवरून घसरला आणि खालीच बसून राहिला. मी मशीनच्या खोलीत डोळे पुसत होते, हसण्यानं आणि दुसऱ्याही कशानं.

व्हर्लिनकडेच लक्ष होतं माझं. तो हसला नाही. प्रत्येक प्रेतामागे त्याचे ओठ बारा वेळा हलत, एवढंच.

दिवे लागले. लोक उठायला लागले, तेव्हा तो आर्लोजवळ गेला. चाळीस वर्षांत तो आपणहून आर्लोशी बोललेला मी पाहिला नव्हता.

"आर्लो, तुझा धाकटा या सप्टेंबरात मोकळा आहे का?"

"आहे. का?"

"खेचरं लादायला मला माणूस लागेल."

आर्लोनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग पियानोवरच्या एमेटकडे. "पाठवतो," तो म्हणाला.

व्हर्लिननं मान हलवली आणि पोराकडे न बघता दाराबाहेर गेला. एमेट पियानोवर पालथा पडून हमसाहमशी रडत होता. त्याला सोडवायला मला आणि आर्लोला पाऊण तास लागला.