पाणी ऐकणारी सळई

मी एक सळई. पाच फूट उंच, अंगठ्याएवढी जाड, अंगानं लोखंडी आणि डोक्यावर सागवानी वाटी. हसू नका. सळई म्हटलं की तुम्हाला स्लॅब आठवतो, पण मी सिमेंटात पुरून घेणाऱ्यांतली नव्हे. माझं टोक जमिनीवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि खालच्या पाइपातून पाणी कुठे गळतंय ते ऐकायचं, एवढ्यासाठी माझा जन्म.

मुंबईच्या एका वर्कशॉपात मला घडवलं आणि पाणीखात्यात कामाला असलेल्या भिवाच्या हाती दिलं. भिवा देवरूखजवळच्या एका गावातला, बौद्धवाडीतला. शिक्षण सातवी. पण कान असा, की डांबराखाली चार फुटांवर पाणी कुजबुजलं तरी याला कळायचं. साहेब लोक नकाशे पसरून बसायचे आणि हा डोळे मिटून म्हणायचा, "हितं खणा." खणलं की पाणी उसळायचं. तीस वर्षांत मी त्याला तीनदाच चुकताना पाहिलं, आणि तिन्ही वेळा शेजारी कुणीतरी बडबडत होतं. माणसांना सगळं जमतं, दोन मिनिटं गप्प राहणं जमत नाही.

पुढे खात्यात यंत्रं आली. मी भंगारात जाणार होते, पण भिवा निवृत्त झाला त्या दिवशी सोबत्यांनी शाल-श्रीफळाबरोबर मलाही त्याच्या हातात ठेवलं. एसटीच्या सीटखाली आडवी होऊन मी कोकणात आले. तिथेही भिवानं मला कोपऱ्यात बसू दिलं नाही. आसपासच्या गावांतून बोलावणं आलं की मला खांद्यावर टाकून निघायचा. कपभर चहाशिवाय काही घ्यायचा नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्याच गावातल्या वरच्या वाडीचं पाणी बंद झालं. नदीवरून पंपानं चढवलेलं पाणी टाकीपर्यंत पोचेना. नऊ दिवस बायका डोंगर उतरून नदीवर जात होत्या. खालच्या वळणावर ओल दिसली म्हणून लोकांनी तिथे तीन खड्डे मारले. पाइप ठणठणीत! आमचा जांभा दगड असा फसवा, आतून सगळा भोकाभोकांचा. पाणी गळतं एकीकडे आणि वर येतं भलतीकडे. पण ओल दिसली की कुदळ घ्यायची, ही इथली जुनी खोड.

शेवटी वरच्या वाडीचे म्होरके रावजीनाना आमच्या दारात आले. "भिवा, देवानं तुला कान दिलाय. बघ बाबा काय तं."

"देवाचं मला ठावूक नाय, नाना. आयेनं दिलाय," भिवा म्हणाला आणि त्यानं मला उचललं.

त्याच्या पुतण्याला, सम्यकला, हे पटलं नाही. आमच्या वाडीला स्वतःची विहीर होती, आमचं काही अडलं नव्हतं. शिवाय त्याच वरच्या वाडीच्या विहिरीवर भिवाची आई एके काळी लांब उभी राहायची, कुणीतरी दया येऊन घागरीत ओतेल म्हणून.

"काका, तुमी कशाला जाताव?"

"आय तास-तास उभी ऱ्हायची रं. पानी नसलं की काय व्हतं तां मी तिच्याकडनं आयकलंय. म्हणून जातोय."

त्या वेळी मला त्याच्या हातात असल्याचा फार अभिमान वाटला.

पंप चालू ठेवून दोन दिवस तो नदीपासून पाइपाच्या लाइनीवरून मला टेकवत चालला. लाइन आमच्या घराच्या ओट्याखालून पुढे जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला ओट्याच्या लादीवर टेकवलं आणि माझं सगळं अंग थरथरलं. पाणी गळत होतं, खाली, चांगलं जोरात! आता हा "हितं" म्हणेल म्हणून मी वाट बघत राहिले.

"हितं काय नाय," भिवा म्हणाला आणि पुढे निघाला.

तेव्हा मला कळलं. पाणी जागेवर होतं, भिवाचा कान जागेवर नव्हता. मी ओरडून सांगितलं असतं, पण लोखंडाला तोंड कुठलं? टाकीपाशी पोचल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, "नाना, मला गावला नाय." ज्याच्या शब्दावर शहरातले रस्ते फोडले जायचे, त्याचा तो चेहरा मला बघवेना. रावजीनाना काही वाईट बोलले नाहीत. उद्या सकाळपासून सगळी लाइन उकरायची असं ठरलं. त्याला महिना लागला असता, आणि तोवर बायकांच्या पायांचं काय व्हायचं?

घरी आल्यावर भिवाची बायको कमला त्याच्यासमोर उभी राहिली. "टीव्ही किती मोठा लावताव ता बघून मला कंदीच कळलंय. द्या हिकडं ती सळी."

आता कमलाच्या कानाबद्दल सांगायलाच हवं. वाडीत कुणाचाही फणस उतरवायचा तर आधी कमलाकाकीला हाक मारतात. ती फणसावर बोटांनी थापटते, ऐकते आणि सांगते, "आजून चार दिस ऱ्हाऊंदे." चार दिवसांनी उतरवावा तर फणस नेमका तयार झालेला असतो. एवढा कान, पण त्याचा फणसापलीकडे काही उपयोग असेल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं, तिच्याही नाही.

वाटी कानाला कशी लावायची ते भिवानं तिला दाखवलं. सम्यकनं फोन करून पंप चालू करायला सांगितलं. ती ओट्यावर उभी होती, म्हणून तिथूनच सुरुवात केली. मी पुन्हा थरथरले. कमलाचे डोळे मोठे झाले.

हा ओटा म्हणजे तिचा जीव की प्राण. वीस वर्षं मागे लागून तिनं तो आदल्याच वर्षी वाढवून घेतला होता. लादी पसंत करायला दोनदा देवरूखला गेली होती. रविवारी तिच्या मुलीचा, तेजलचा, साखरपुडा याच ओट्यावर व्हायचा होता. ओट्याचा भराव ठोकताना जुन्या पाइपाचा सांधा हलला असणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आवाज ऐकला होता फक्त तिनं आणि मी. तिनं "काय नाय" म्हटलं असतं तरी कुणी शंका घेतली नसती.

"हितं हाय," कमला म्हणाली. "माज्या वट्याखाली. फोडा."

"आये, रविवारी मानसं येनार!" तेजल कळवळली.

"मंग? त्या बायांनी रविवारपातूर नदीवरनं पानी व्हायचं?"

पहिली लादी तिनंच पहारीनं उचकटली. मग मात्र सम्यक पुढे झाला, तिच्या हातातून पहार घेतली आणि घामाघूम होईतो खणत राहिला. तीन फुटांवर पाण्याची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली.

सांधा बदलला. संध्याकाळी वरच्या टाकीत पाणी पडलं. थोड्याच वेळात रावजीनानांची बायको गंगा डोक्यावर कळशी घेऊन उतरत आली, थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरली. "वयनी, फुलपात्र कुठं हाय?" तिनं फुलपात्र भरून कमलाला दिलं. कमला अर्धं प्याली. उरलेलं गंगानं त्याच फुलपात्रातून पिऊन टाकलं. भिवाची आई हे बघायला हवी होती.

शनिवारपर्यंत वरच्या वाडीच्या माणसांनी जांभ्याचे चिरे लावून ओटा बांधून दिला. साखरपुडा तिथेच झाला.

आता मी कमलाच्या खांद्यावर असते. भिवा बरोबर येतो. ती ऐकते आणि पाणी कसं वाजतंय ते बोटांनी त्याच्या मनगटावर थापटून दाखवते. तो डोळे मिटून म्हणतो, "दोन इंची हाय. सांधा सुटलाय." खणलं की तसंच निघतं. दोघांचा मिळून एक कान झाला आहे, आणि खरं सांगते, तो पहिल्यापेक्षा चांगला आहे.

मला ऐकू आलं होतं, पण सांगता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे, हातपाय आहेत. अंगात जे काही आलं असेल ते नुसतं घरात ठेवू नका. दुसऱ्याच्या दारापर्यंत घेऊन जा. लोखंडाच्या एका सळईची एवढीच विनंती.

आता मला निघायला हवं. कमलानं पदर खोचलाय. साखरप्याकडच्या एका वाडीत चार दिवस पाणी नाही.