वर्षालीच्या दंडावरचा दोरा

शेंदूरजनाघाटच्या त्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. दोरेवाले महाराज माईक तोंडात कोंबून सांगत होते, "या पोरीच्या अंगात विहिरीतली आसरा व्हती. म्या तिले समजावलं, बाई, इथं तुले काय भेटते? नागपूरले जा, तिथं तलाव मोठे हायेत. गेली का नाई?"

"गेली, गेली," मंडप म्हणाला.

त्या आसरेचं, म्हणजे पाण्यातल्या बाईभुताचं, तिकीट कोणी काढलं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण महाराजांशेजारी आईचा हात धरून उभी असलेली वर्षाली मी शिकवतो त्याच चौथीच्या वर्गातली, आणि तिचा बाप देवमन माझ्या बाजूला हात जोडून बसलेला.

पोरगी हुशार. पण बाकावर टिकायची नाही, भडकली की चावायची. दिवाळीनंतर अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं औषध बदललं. जुनी गोळी हळूहळू कमी, नवी हळूहळू वाढवायची. गुण यायला काही आठवडे लागतील, मधले दिवस जड जातील, धीर सोडू नका, असं त्यांनी बजावलं होतं. ते दिवस फारच जड गेले. पोरीनं ताटं भिरकावली, घरात कोणाला झोपू दिलं नाही, माझ्या हाताचाही चावा घेतला. तेव्हाच देवमननं तिला महाराजांकडे नेऊन मंतरलेला दोरा घेतला. पुढं पोरगी निवत गेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

"आता दवाई बंद," महाराजांनी फर्मावलं. "गोळीनं दोरा नाराज होते."

देवमननं मान डोलावली. गोळी अशी एकाएकी तोडली तर पोरगी पुन्हा त्याच आगीत जाणार होती.

"दाखव बेटा, दोरा दाखव सगळ्यायले." महाराजांनी स्वतःच तिची बाही वर सारली. दंड मोकळा. दुसरी सारली. तोही मोकळा.

"पडला असन आत्ताच," महाराज म्हणाले.

"नाई महाराज," तिची आई दामिनी म्हणाली. "तिले अंगाले काई टोचलेलं सहन होत नाई. तुमच्या फाटकातच तिनं तोडून फेकला. घरचे बोलतीन म्हून मी चूप रायली. गोळी मात्र एकई चुकवली नाई."

देवमन उठून उभा राहिला. "मंग दोऱ्याबिगर निवली कशी?"

"तुमी संत्र्याचं पाणी तोडून झाडाले ताण देता, मंग पाणी सोडता," दामिनी म्हणाली. " फुलं लगेच येतात का?"

"लगेच कशी येतीन? महिनाभर लागते."

"अन् मधात कोणी बांधावर येऊन नारळ फोडला, तं बहार त्याचा म्हनान?"

देवमन खाली बसला. मंडपात निम्मे बागवालेच होते, त्यांना आणखी समजावावं लागलं नाही. महाराजांची किमया एवढीच. लोक त्यांच्याकडे येतात ते दुखणं टिपेला पोचल्यावर. पुढं उतार पडतो, कधी औषधानं, कधी आपोआप. पडला तर दोरा पावला, न पडला तर तुमची श्रद्धा कच्ची.

बाहेर आल्यावर वर्षालीनं बापाचा सदरा ओढला. "बाबा, मंग माह्या अंगात कोणीच नव्हतं?"

"नाई, बेटा."

"मंग तुमी सगळ्यायले काहून सांगितलं?"

देवमननं तिला जवळ घेतलं. तिथंच, चपलांच्या ढिगाजवळ, तो रडायला लागला.

म्हणून सांगतो. औषध बदलायचं, कमी करायचं की थांबवायचं, ते डॉक्टरला विचारा. मधल्या वाईट दिवसांत लेकराजवळ बसा. त्याच्या अंगात भूत शोधू नका. तुम्ही त्याच्याबद्दल काय बोलता, ते लेकरू सगळं ऐकत असतं.