मागे माणूस होता

ड्रायव्हरच्या मेव्हण्याला, गाडीवरच्या क्लीनरला, कंपनीने घरी बसवलं त्याला आज चौथा दिवस. आणि सुपरवायझरने पुढे सरकवलेल्या कागदावर छापलेलं होतं, 'गाडी मागे घेताना मागे माणूस उभा होता.' समोर बरोबरची खूण आधीच केलेली. ड्रायव्हरने फक्त सही ठोकायची.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोण माणूस? माझं भूत?"

"काका, सकाळी सकाळी सुरू करू नका. बावीस दुकानांना माल पोचवायचाय. नुसता कागद आहे तो."

"उद्या चाकाखाली कुणी आलं, की हाच कागद माझ्या गळ्यात बांधाल. माणूस होता म्हणून मीच लिहून दिलेलं!"

अठरा वर्षं मेव्हणा मागे उभा राहत आला होता. गल्ली कितीही अरुंद असो, घसा फोडून त्याचं "येऊ दे, येऊ दे, डावीकडे मार" चालू असलं की ड्रायव्हर बिनघोर असे. एकदा तो "बस्स!" असा काही किंचाळला, की ब्रेक कधी दाबला तेही कळलं नाही. मागे एक म्हातारी सांडलेले बटाटे वेचत बसली होती. ती उठली आणि वर दोघांनाच शिव्या हासडून गेली. दुपारी डबा खाताना दोघं त्यावर हसले.

आता म्हणे एका गाडीला एकच माणूस पुरे.

"एवढे मोठे आरसे दिलेत की," सुपरवायझर म्हणाला.

"दिलेत ना? मग बसा वर."

"मी?"

"तुम्हीच. लायसन आहे तुमच्याकडे, मला ठाऊक आहे. बसा, नाहीतर ही किल्ली धरा, मी चाललो घरी."

यार्डातले हमाल पाठीवरची ओझी तशीच घेऊन थांबले. सुपरवायझर इस्त्रीचा शर्ट सावरत वर चढला, इंजिन सुरू केलं. एवढ्या रागातही ड्रायव्हरने आधी मागच्या चाकांना ठोकळे लावले, मग गाडीच्या मागच्या फाळक्याखाली उकिडवा बसला.

"काका, दिसत नाही तुम्ही! बाजूला झालात का?"

सुपरवायझरने हॉर्न वाजवला.

"अहो काका!"

"घ्या मागे!" ड्रायव्हर ओरडला. इंजिनच्या घरघरीत आवाज कुठून आला ते कळेना. "घ्या ना साहेब, बावीस दुकानं आहेत! आरशात दिसतंय ना सगळं?"

सुपरवायझरचा हात गिअरवर गेला आणि तिथेच राहिला. एका आरशात भिंत, दुसऱ्यात हमाल. मधलं काहीच नाही. त्याने इंजिन बंद केलं.

खाली आला तेव्हा चेहरा उतरला होता. "आजच्या दिवस गोदामातला कुणीतरी देतो..."

"आजच्या दिवस?" ड्रायव्हर उठलासुद्धा नाही. "उद्यापासून गल्लीतली पोरं खेळायची थांबणार आहेत का? माझा माणूस आणा. तोवर मीही हलणार नाही अन् गाडीही."

सुपरवायझरने कपाळ पुसलं आणि वरच्या साहेबांना फोन लावला. पलीकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू येत राहिला.

"नाही साहेब," तो शेवटी म्हणाला, "ड्रायव्हरचं काही नाही. गाडी मीच सोडत नाहीये."